छोटी ब्रशवाली डीसी मोटर: आधी करंट आवरा, मग वेग

१२ व्होल्टच्या मोटरला पीडब्ल्यूएम (सप्लाय भराभर चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज कमी-जास्त करणं) दिलं, पोटेन्शिओमीटर फिरवला आणि मोटर हळू-जलद होऊ लागली, की वेगाचं नियंत्रण जमलं असं वाटतं. ड्रिलचं टोक फळीत अडकेपर्यंत ते खरंही असतं. अडकल्याक्षणी मोटर चालू स्थितीतल्या करंटच्या कित्येक पट करंट ओढते, आणि मग मॉस्फेट (ही चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) तरी जातो, नाही तर वाइंडिंगचं वार्निश जळतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी करंटला हार्डवेअरमध्ये मर्यादा, मग वेग. पूर्ण लेखात एकच मोटर उदाहरण म्हणून घेतली आहे. तुमच्या मोटरचे आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच.

मोटरचे चार आकडे

डेटाशीट बहुतेक वेळा मिळत नाही. हरकत नाही, सगळं घरी मोजता येतं.

पहिला आकडा वाइंडिंगचा रेझिस्टन्स. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर विसंबू नका. एक-दोन ओहमच्या मोजणीत प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स मिसळतो. बेंच सप्लायची करंट मर्यादा १ अँपियरवर ठेवा, शाफ्ट घट्ट धरा आणि मोटरच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजा. १ अँपियरला १.२ व्होल्ट दिसले तर रेझिस्टन्स १.२ ओहम. शाफ्ट थोडा थोडा फिरवून सहा-आठ जागी हे करा आणि सरासरी घ्या, कारण ब्रश कम्युटेटरच्या (शाफ्टवरची तांब्याच्या पट्ट्यांची कडी) एका पट्टीवर आहे की दोन पट्ट्यांवर, त्यानुसार आकडा बदलतो. मोजणी झटपट उरका. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापलेली मोटर २३ टक्के जास्त दाखवते. गिअरबॉक्स असेल तर बाहेरचा शाफ्ट पकडीत आवळू नका, मागचा मोटरचा शाफ्ट धरा. मोठ्या गुणोत्तराच्या गिअरचे दात असेच तुटतात.

दुसरा आणि तिसरा आकडा: मोकळी फिरताना, पूर्ण १२ व्होल्टवर, करंट आणि आरपीएम. आरपीएमसाठी शाफ्टवर परावर्तक पट्टी लावून साधा ऑप्टिकल टॅकोमीटर पुरतो. आपल्या उदाहरणात ०.५ अँपियर आणि ६००० आरपीएम.

चौथा इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला वाइंडिंगचा असणारा विरोध. एलसीआर मीटर असेल तर थेट मोजा. ऑसिलोस्कोप असेल तर रोटर अडकवून सप्लाय जोडा आणि करंट शेवटच्या पातळीच्या ६३ टक्क्यांवर किती वेळात पोचतो ते बघा. त्या वेळेला रेझिस्टन्सने गुणलं की इंडक्टन्स. ०.५ मिलिसेकंद गुणिले १.२ ओहम, म्हणजे ०.६ मिलिहेन्री.

आता गणित. मोकळ्या मोटरमध्ये वाइंडिंगवर ०.५ × १.२ = ०.६ व्होल्ट पडतात. उरलेले ११.४ व्होल्ट म्हणजे बॅक ईएमएफ, मोटर फिरताना स्वतःच तयार करते तो उलटा दाब. ६००० आरपीएमला ११.४, म्हणजे दर १००० आरपीएमला १.९ व्होल्ट. हाच स्थिरांक दुसऱ्या एककात मांडला तर ०.०१८१ न्यूटन-मीटर प्रति अँपियर, बाजारातल्या भाषेत साधारण ०.१८५ किलो-सेंटिमीटर प्रति अँपियर. करंट म्हणजे टॉर्क, बॅक ईएमएफ म्हणजे वेग. दोन्ही एकाच स्थिरांकाने बांधलेले.

याचे परिणाम लगेच दिसतात. मोटर अडकली किंवा नुकतीच सुरू होत असेल तर बॅक ईएमएफ शून्य: १२ ÷ १.२ = १० अँपियर, आणि वाइंडिंगमध्ये १० × १० × १.२ = १२० वॅट उष्णता. पूर्ण वेगात असताना एकदम दिशा उलटवली तर सप्लाय आणि बॅक ईएमएफ यांची बेरीज होते: २३.४ ÷ १.२ = १९.५ अँपियर. जॅम मोटरच्या जवळजवळ दुप्पट. दिशा बदलताना ड्रायव्हर जातो तो यामुळे. इतक्या करंटने फेराइट मॅग्नेट कायमचे कमजोरही होऊ शकतात. मग मोटर मोकळी असताना पूर्वीपेक्षा जोरात फिरते आणि लोडवर मात मरते.

मॉस्फेट, डायोड, कपॅसिटर

एकाच दिशेने फिरवायचं असेल तर एक एन-चॅनेल मॉस्फेट ग्राउंडच्या बाजूला पुरतो. मोटरचं एक टोक १२ व्होल्टला, दुसरं मॉस्फेटच्या ड्रेनला, सोर्स ग्राउंडकडे. तिसरी पिन गेट: तिच्यावरच्या व्होल्टेजने तो चालू-बंद होतो.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मॉस्फेट मागताना नाव अक्षर न् अक्षर सांगा. आयआरएलझेड४४एन आणि आयआरएफझेड४४एन यांत एका अक्षराचा फरक, पण पहिला ५ व्होल्टच्या गेटवर नीट चालू होतो, दुसऱ्याला १० व्होल्ट लागतात. डेटाशीटमधला २ ते ४ व्होल्टचा थ्रेशोल्ड पाहून फसू नका. तिथे मॉस्फेटमधून फक्त २५० मायक्रोअँपियर वाहतो, ती मोटर चालवायची जागा नव्हे. आर्डुइनोच्या (प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) पिनने आयआरएफझेड४४एन किंवा आयआरएफ५४०एन थेट चालवला तर तो अर्धवट उघडतो आणि पूर्ण ड्यूटीवरही (ड्यूटी म्हणजे प्रत्येक चक्रातला चालू काळाचा वाटा) हात भाजेल इतका तापतो.

आयआरएलझेड४४एनला पिन ते गेट १५० ओहम आणि गेट ते ग्राउंड १० किलोओहम लावा. हा दुसरा रेझिस्टर टाळू नका: कंट्रोलर रीसेट होत असताना पिन तरंगते आणि त्या क्षणी मोटर झटका मारते. ४ किलोहर्ट्झपर्यंत हे पुरतं. २० किलोहर्ट्झला मात्र पिनच्या २०-३० मिलिअँपियरने गेट भरायला दोन मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात, रिकामं करायला तेवढेच, आणि पूर्ण चक्र असतं अवघं ५० मायक्रोसेकंदांचं. तिथे टीसी४४२७ सारखा गेट ड्रायव्हर वापरा. त्याला १२ व्होल्ट सप्लाय १० ओहममधून द्या, पिनांलगत १ मायक्रोफॅरड सिरॅमिक आणि शेजारी १० मायक्रोफॅरड ठेवा, गेटला १० ते २२ ओहम. आता गेटला १२ व्होल्ट मिळत असल्याने साधा आयआरएफझेड४४एनही उत्तम चालतो. आमचा कौल या मांडणीला.

डायोडबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे. मोटरला उलटा डायोड म्हणजे फक्त स्पाइक शोषणारा, म्हणून १एन४००७ चालेल असं सर्रास सांगितलं जातं. रिलेला चालेल, पीडब्ल्यूएमला नाही. मॉस्फेट बंद असताना मोटरचा पूर्ण करंट या डायोडमधून फिरत राहतो. मोटरमध्ये ४ अँपियर आणि ड्यूटी २५ टक्के असेल तर डायोडमधून सरासरी ३ अँपियर वाहतात, मॉस्फेटमधून फक्त १. शिवाय १एन४००७ बंद व्हायला वेळ घेतो. तेवढ्यात मॉस्फेट पुन्हा चालू होतो आणि दर चक्राला १२ व्होल्ट क्षणभर शॉर्ट होतात. शॉट्की (झटकन बंद होणारा डायोड) घ्या: २ अँपियरपर्यंतच्या मोटरला १एन५८२२, आपल्या उदाहरणाला एमबीआर१०६० छोट्या हीटसिंकवर. डायोडचा कॅथोड १२ व्होल्टकडे, अॅनोड ड्रेनकडे.

१००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कपॅसिटर मॉस्फेट आणि डायोडपासून दोन-तीन सेंटिमीटरांत हवा. सप्लायजवळ लावलेला उपयोगाचा नाही, कारण लांब वायरीचा इंडक्टन्स मध्ये येतो. मोटरच्या टर्मिनलवर १०४ नंबरचा (१०० नॅनोफॅरड) सिरॅमिक, आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या पत्र्याच्या डब्याला ४७ नॅनोफॅरड. डबा आधी कानशीने खरवडा, नाही तर सोल्डर धरत नाही. मोटरवर इलेक्ट्रोलिटिक मात्र लावू नका. मॉस्फेट दर चक्राला तो कपॅसिटर भरत बसेल.

सप्लायच्या वायरीत फ्यूज आणि हाताशी स्विच ठेवा. फ्यूज मॉस्फेटला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. मॉस्फेट बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे मोटर थांबत नाही, पूर्ण वेगाने सुटते. कटर किंवा ड्रिल जोडलेलं असेल तर तो स्विच सर्वांत महत्त्वाचा पार्ट आहे.

फ्रिक्वेन्सी किती

करंटमधला चढउतार असा काढा: व्होल्टेज × ड्यूटी × (१ − ड्यूटी) ÷ (इंडक्टन्स × फ्रिक्वेन्सी). अर्ध्या ड्यूटीला आपल्या मोटरसाठी ४ किलोहर्ट्झला १.२५ अँपियर, २० किलोहर्ट्झला ०.२५. आर्डुइनो उनोच्या ९ आणि १० नंबर पिनांवरच्या मूळ ४९० हर्ट्झला उत्तर १० अँपियरच्या वर येतं. याचा अर्थ इतकाच की हलक्या लोडला करंट दर चक्रात शून्यावर जातो. मग ड्यूटी आणि वेग यांचं सरळ नातं तुटतं आणि उष्णता वाढते. करंट शून्य आणि शिखर यांच्यामध्ये त्रिकोणी झुलत असेल, तर तेवढ्याच सरासरी टॉर्कला वाइंडिंग ३३ टक्के जास्त तापतं.

उनोवर टायमर-१ चा प्रीस्केलर ६४ ऐवजी ८ केला की ३.९ किलोहर्ट्झ मिळतात, १ केला की ३१.४. फेज-करेक्ट पद्धतीत वरची मर्यादा ४०० ठेवली की बरोबर २० किलोहर्ट्झ. टायमर-०, म्हणजे ५ आणि ६ नंबरच्या पिना, याला हात लावू नका. वेळ मोजणारी फंक्शनं त्यावर चालतात. ४ किलोहर्ट्झला मोटर कानात घुसेल अशी शिट्टी घालते, म्हणून घरात वापरायच्या यंत्राला २० घ्या.

करंटची मर्यादा

हा भाग सॉफ्टवेअरवर सोडू नये. कोड अडकला, पिन चुकली, ब्रेकपॉइंटवर थांबला, तरी मर्यादा पाळली गेली पाहिजे.

मॉस्फेटचा सोर्स आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.०५ ओहम, ३ वॅटचा शंट (करंट मोजण्यासाठीचा छोटा रेझिस्टर) लावा. ५ अँपियरला ०.२५ व्होल्ट आणि १.२५ वॅट. ०.०१ ओहम घेतला तर उष्णता कमी होईल, पण एलएम३९३ कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) इनपुटमध्येच काही मिलिव्होल्टची चूक असते: ५ मिलिव्होल्ट म्हणजे ०.०५ ओहमवर ०.१ अँपियर, ०.०१ ओहमवर अर्धा अँपियर. मोजणीच्या दोन बारीक वायरी शंटच्या पायांपासूनच स्वतंत्र काढा. जाड ट्रॅकवरून सिग्नल घेतला तर तुम्ही ट्रॅकही मोजता.

जोडणी अशी:

१. ५ व्होल्टपासून १८ किलोओहम आणि १ किलोओहमचा डिव्हायडर. मधल्या जागी ०.२६ व्होल्ट, म्हणजे ५.२६ अँपियरची मर्यादा. हे एलएम३९३ च्या प्लस इनपुटला.

२. शंटपासून १ किलोओहममधून मायनस इनपुटला, आणि त्या इनपुटपासून ग्राउंडला १ नॅनोफॅरड. मॉस्फेट चालू होताना येणारा टोकदार काटा हे १ मायक्रोसेकंदाचं फिल्टर गिळतं. ते नसेल तर मर्यादा विनाकारण लागते आणि मोटर अडखळते.

३. एलएम३९३ चं आउटपुट ओपन-कलेक्टर असतं, म्हणजे फक्त ग्राउंडकडे ओढतं, म्हणून त्याला ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहम हवाच. हे आउटपुट ७४एचसी७४ फ्लिप-फ्लॉपच्या (चालू-बंद स्थिती धरून ठेवणारी चिप) क्लिअर पिनला. त्याची डी आणि प्रीसेट ५ व्होल्टला, क्लॉकला पीडब्ल्यूएम.

४. ७४एचसी७४ चं क्यू आउटपुट आणि तोच पीडब्ल्यूएम ७४एचसी०८ च्या एका अँड गेटला, तिथून गेट ड्रायव्हरला.

पीडब्ल्यूएमची चढती कड आली की फ्लिप-फ्लॉप मोटर चालू करतो. करंट मर्यादेला पोचला की कंपॅरेटर त्या चक्रापुरती बंद करतो. पुढच्या कडेला पुन्हा चालू. फ्लिप-फ्लॉप न लावता कंपॅरेटर थेट गेटला जोडला तर तो प्रचंड वेगाने चालू-बंद करत राहतो आणि मॉस्फेट त्यातच जातो. एक खाच लक्षात ठेवा: ड्यूटी १०० टक्के केली तर कड येतच नाही, आणि एकदा मर्यादा लागली की मोटर बंदच राहते. कोडमध्ये ड्यूटीला ९५ टक्क्यांची टोपी घाला. मर्यादा लागलेली असताना ड्यूटी ५० टक्क्यांच्या वर असेल तर अर्ध्या फ्रिक्वेन्सीची, म्हणजे १० किलोहर्ट्झची गुणगुण ऐकू येऊ शकते. या पद्धतीचा तो स्वभाव आहे, पार्ट खराब नाही.

एवढी जोडणी नको असेल तर ती आत बांधलेल्या चिप मिळतात. डीआरव्ही८८७१ ला ६.५ ते ४५ व्होल्ट चालतात आणि शिखराला ३.६ अँपियर. मर्यादा ठरते एका रेझिस्टरने: ६४ भागिले किलोओहम, म्हणजे ३२ किलोओहमला २ अँपियर. १०.८ व्होल्टच्या आतल्या छोट्या मोटरींना डीआरव्ही८८३३, त्यात ०.२ भागिले शंटचे ओहम. दोन्ही दिशाही देतात. एल२९८एन अजून सगळीकडे दिसतो, पण तो जुन्या ट्रान्झिस्टरचा आहे: २ अँपियरला त्यातच ४.९ व्होल्टपर्यंत पडू शकतात, आणि करंट मर्यादा नाही. नव्या कामाला घेऊ नये.

५ अँपियरलाही अडकलेल्या मोटरमध्ये ३० वॅट जिरतात. ते काही सेकंदांपुरतं ठीक. मोटरचा कायमचा करंट २.५ अँपियर धरला तर ७.५ वॅट. म्हणून शिखराची मर्यादा हार्डवेअरमध्ये आणि सरासरीची कोडमध्ये ठेवा: करंटच्या वर्गाची सरासरी ६.२५ च्या वर पाच सेकंद राहिली की मर्यादा उतरवा. हळू फिरणाऱ्या मोटरमधला पंखाही हळू फिरतो, तेव्हा तिथे आणखी कमी.

खरा करंट कुठे दिसतो

सप्लायच्या वायरीत अॅमीटर लावून मोटरचा करंट कळत नाही. २५ टक्के ड्यूटीला मोटरमध्ये ४ अँपियर असतात तेव्हा सप्लाय १ दाखवतो. सोर्सखालचा शंटसुद्धा फक्त चालू काळातला करंट बघतो. मोटरचा पूर्ण करंट हवा तर सेन्सर मोटरच्याच वायरीत, डायोडच्या फेऱ्याच्या आत पाहिजे. एसीएस७१२ चा २० अँपियरचा प्रकार दर अँपियरला १०० मिलिव्होल्ट देतो आणि शून्याला सप्लायच्या निम्मे. उनोच्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) एक पायरी ४.९ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ५० मिलिअँपियर. प्रत्येक वेळी चालू करताना मोटर बंद ठेवून शून्याची पातळी वाचून घ्या. ती ५ व्होल्टच्या सप्लायबरोबर सरकते. नेमकेपणा हवा असेल तर शंटवर आयएनए२४०. पीडब्ल्यूएमच्या उड्या सोसण्यासाठीच ती चिप बनवलेली आहे.

आता वेग

नुसत्या ड्यूटीवर वेग लोडबरोबर घसरतो. ३ अँपियरला वाइंडिंगवर ३.६ व्होल्ट पडतात, उरतात ८.४, म्हणजे सुमारे ४४०० आरपीएम. ६००० वरून ४४००. पंख्याला चालेल, पीसीबी ड्रिलला नाही.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे करंट मोजून तेवढा व्होल्टेज भरून काढणं. करंट गुणिले रेझिस्टन्सचे ७० टक्के ड्यूटीत मिळवा. १०० टक्के भरपाईचा मोह टाळा. जास्त झाली की करंट वाढला म्हणून व्होल्टेज वाढतो, व्होल्टेज वाढला म्हणून करंट, आणि मोटर हेलकावे खाऊ लागते. ही सेटिंग थंड मोटरवर करा. थंड असताना रेझिस्टन्स सर्वांत कमी असतो, तेव्हा तिथे स्थिर राहिलेली मोटर तापल्यावर बिघडत नाही, फक्त थोडी जास्त घसरते.

त्याहून चांगला उपाय: बॅक ईएमएफ मोजा. दर २० मिलिसेकंदांनी पीडब्ल्यूएम बंद करा, १ मिलिसेकंद थांबा म्हणजे करंट विझतो, मग आठ-दहा वाचनांची सरासरी घ्या, कारण कम्युटेटरमुळे तरंग असतो. आपला मॉस्फेट खालच्या बाजूला आहे, म्हणून ड्रेनवर बॅक ईएमएफ थेट दिसत नाही. तिथे दिसतो सप्लाय वजा बॅक ईएमएफ. दोन्ही ठिकाणी २२ आणि १० किलोओहमचे डिव्हायडर लावा, १२ व्होल्टचे ३.७५ होतील, आणि वजाबाकी कोडमध्ये करा. ५.७ व्होल्ट आले म्हणजे ३००० आरपीएम.

एन्कोडर (शाफ्टच्या फेरीला ठरावीक पल्स देणारा सेन्सर) असेल तर मोजणीची रीत वेगानुसार निवडा. फेरीला ११ पल्स देणारा एन्कोडर ६००० आरपीएमला १० मिलिसेकंदांत फक्त ११ पल्स देतो, म्हणजे एका पल्सची चूक ९ टक्के. म्हणून पल्स मोजण्यापेक्षा दोन पल्समधला काळ मायक्रोसेकंदांत मोजा आणि पूर्ण फेरीची सरासरी घ्या.

लूप (मोजून चूक सुधारत राहणारा हिशोब) दोन ठेवा, एकात एक. बाहेरचा वेगाची चूक बघून किती करंट हवा ते ठरवतो, आतला तेवढा करंट वाहवतो. बाहेरच्या लूपच्या आउटपुटला ५ अँपियरची मर्यादा घातली की सुरुवात, जॅम, एकदम वाढलेला लोड, सगळं त्याच एका ओळीत सांभाळलं जातं. आतल्या लूपचे गुणांक अंदाजाने शोधू नका: प्रपोर्शनल (आत्ताच्या चुकीसाठी) = इंडक्टन्स × कोनीय बँडविड्थ, इंटिग्रल (साठत गेलेल्या चुकीसाठी) = रेझिस्टन्स × तीच बँडविड्थ. बँडविड्थ म्हणजे लूप किती जलद बदल सांभाळतो ते, कोनीय म्हणजे तिचे हर्ट्झ गुणिले २π. उनोवर लूप १ किलोहर्ट्झने आणि बँडविड्थ १०० हर्ट्झ धरली तर ०.३८ व्होल्ट प्रति अँपियर आणि दर सेकंदाला ७५४. १ मिलिसेकंदाच्या पायरीला ०.७५. ड्यूटीत आणायला १२ ने भागा. वेगाचा लूप १० ते २० हर्ट्झच्या आत ठेवा. आउटपुट मर्यादेला टेकलं की इंटिग्रल साठवणं थांबवा, नाही तर जॅम सुटताच मोटर ठरलेल्या वेगाच्या कितीतरी वर उसळते.

दिशा बदलणारा ब्रिज (चार मॉस्फेटची जोडणी) असेल तर आधी ड्यूटी शून्य करा, बॅक ईएमएफ १ व्होल्टच्या खाली येऊ द्या, मग उलटवा. ब्रेक लावताना ब्रिज ऊर्जा सप्लायकडे परत ढकलतो. बॅटरी ती घेते, एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) घेत नाही, आणि १२ व्होल्टची रेल वर चढते. म्हणून रेलवर टीव्हीएस (जादा व्होल्टेज शोषणारा) डायोड हवा.

पहिल्यांदा चालू करताना

मोटरच्या जागी गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावा, बेंच सप्लाय २.५ अँपियरवर, आणि ड्यूटीबरोबर उजेड बदलतो का बघा. थंड बल्ब पहिल्या क्षणी जास्त ओढतो, त्यामुळे सप्लाय क्षणभर दबला तर घाबरू नका. मग मोटर, २० टक्के ड्यूटीवर, मोकळी. त्यानंतर मर्यादेची परीक्षा: डिव्हायडरमधला १ किलोओहम काढून २२० ओहम लावा, मर्यादा सुमारे १.२ अँपियर होते. शाफ्ट चिमट्याने धरा, ड्यूटी वाढवत न्या. करंट तिथेच अडला तर मूळ रेझिस्टर परत लावा.

पूर्ण ड्यूटीवर मॉस्फेट तापतो तर गेटला व्होल्टेज कमी पडतोय. मधल्या ड्यूटीवर तापतो आणि पूर्ण ड्यूटीवर थंड, तर गेट हळू आहे किंवा डायोड हळू. कमी ड्यूटीवर डायोड तापतो तर तो लहान आहे. मोटर सुरू होताच कंट्रोलर रीसेट होतो तर मोटरचा करंट कंट्रोलरच्या ग्राउंडमधून जातोय: दोन्ही ग्राउंड वेगळे आणून शंटच्या खालच्या पायाशी एकाच ठिकाणी जोडा. २० टक्क्यांखाली मोटर गुरगुरते पण फिरत नाही, तर ब्रशचं घर्षण तिला अडवतंय: ५० मिलिसेकंद ६० टक्के द्या आणि मग खाली या. आणि नव्या मोटरचे ब्रश कम्युटेटरवर नीट बसायला वेळ लागतो. आधी अर्ध्या व्होल्टेजवर, मोकळी, तासभर फिरवून घ्या आणि त्यानंतरच वर सांगितलेले चार आकडे मोजा.